फोटोचाही खाका आधी काढावा लागतो

पासपोर्ट फोटो आणि लग्नसमारंभ या दोन कामांवर आपल्याकडील छोटे स्टुडिओ वर्षानुवर्षे चालत आले. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईलचा कॅमेरा आहे आणि त्यातले पहिले काम बरेचसे हातचे गेले आहे. मात्र एका वेगळ्या कामाला आज गिऱ्हाईक आहे. जरीवाले, बांगडीवाले, दागिने घडविणारे कारागीर, मेंदी काढणाऱ्या आणि मेकअप करणाऱ्या भगिनी यांना आपला हुनर लोकांपुढे मांडायचा असतो. त्यासाठी त्यांना असा फोटो हवा असतो, ज्यात चेहरा सुंदर दिसेल आणि त्यामागे एखादी कल्पनाही असेल. या धंद्यात त्याला ‘कन्सेप्ट पोर्ट्रेट’ म्हणतात. हे काम स्टुडिओला तारू शकते, पण तयारीशिवाय हाती घेतले तर बुडवूही शकते.

मी हे स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका जरी कारखानदारांनी ओढणीच्या जाहिरातीसाठी फोटो सांगितला. ओढणीवरचे जरीकाम जणू चेहऱ्यावर उतरले आहे, अशी कल्पना ठरली. ती तोंडी ठरली, कागदावर एक रेघही नव्हती. सकाळी अकराला आलेल्या मुलीचा मेकअप दुपारी तीनला संपला, कारण सितारे भुवईवर लावायचे की गालावर, यातच वेळ गेला. दिवे लावेपर्यंत गोंद सुकून सितारे गळू लागले. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. छतावरची ट्यूबलाइट चालूच राहिल्याने सोनेरी जर हिरवट आली. कारखानदारांनी पैसे दिले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले की, त्यांचा कारागीर खाक्याशिवाय सुई उचलत नाही.

ही गोष्ट मनाला लागली. जरदोजीचा कारागीर आधी कागदावर नक्षी काढतो, तिच्या रेघांवर सुईने बारीक भोके पाडतो, खाका कापडावर ठेवून वरून रंग फिरवितो. नक्षी कापडावर उमटली, की मगच अड्ड्यावर काम सुरू होते. फोटोचेही तसेच आहे.

खाक्यात काय असावे?

पहिली ओळ कल्पनेची. ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे. मॅन रे या छायाचित्रकाराने 1932 च्या सुमारास एका चेहऱ्यावर काचेचे मणी ठेवून अश्रू दाखविले. एर्विन ब्लूमेनफेल्ड याने जानेवारी 1950 च्या ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठासाठी चेहरा जवळजवळ पुसून टाकला. उरले ते एक डोळा, ओठ आणि तीळ. दोघांनीही एकच गोष्ट निवडली आणि बाकी सोडून दिली. एखाद्या भगिनीला चेहरा दाखवायचा नसेल, तर फक्त डोळे किंवा मेंदीचे हात यांवरही उत्तम फोटो होतो.

त्यानंतर पेन्सिलीने चेहऱ्याचे साधे चित्र काढावे. सितारे कोठून सुरू होतील, कोठे विरळ होतील, ओढणी कोणत्या खांद्यावर असेल, हे त्यावर दाखवावे. मेकअप करणारी, केस बांधणारी आणि कारखानदार या सर्वांना ते आधी दाखवून होकार घ्यावा.

सामानाची निवडही तेव्हाच करावी. दबका आणि सलमा यांच्या तारेची टोके टोचतात, म्हणून ती ओढणीवरच ठेवावीत. चेहऱ्यासाठी चपटे, गुळगुळीत सितारे घ्यावेत. ते पापण्यांच्या कडेला लावू नयेत. कारखान्यातला गोंद चेहऱ्यावर वापरू नये. नकली पापण्या लावण्याचा गोंद चालतो, पण तोही आदल्या दिवशी हाताच्या कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावा. खाज किंवा लाली आली, तर तो वापरू नये.

दिव्यांची मांडणी

मुलगी खुर्चीवर बसण्यापूर्वीच दिवे लागलेले असावेत. तिच्या जागी मदतनिसाला बसवून सगळी मांडणी तपासावी. मोठा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या समोर, थोडा वर, दोन ते तीन फुटांवर ठेवावा. खाली छातीच्या पातळीला पांढरा थर्माकोल आडवा धरावा, म्हणजे हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावली भरून निघते. पडदा पाठीमागे पाच-सहा फूट असावा.

सितारा म्हणजे चिमुकला आरसा. लहान, कडक दिव्यात काही सितारे पांढरे फटक दिसतात आणि बाकीचे काळे पडतात. दिवा मोठा असला, की बहुतेकांत प्रकाश उतरतो. तरीही बाजूला एक काळा पुठ्ठा ठेवावा, कारण उजेडाशेजारी थोडा अंधार असल्याशिवाय जरीची चमक उठून दिसत नाही. दिवा दुप्पट दूर नेला, की चेहऱ्यावर पडणारा प्रकाश साधारण चौथाई होतो, म्हणून दिवा हलविला की प्रकाश पुन्हा मोजावा.

लेन्स 85 ते 100 मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे जरा लांबून फोटो घेता येतो आणि नाक मोठे दिसत नाही. आयएसओ 100, शटर 1/125 आणि छिद्र एफ 8 ते एफ 11 ठेवून सुरुवात करावी. ट्यूबलाइट बंद करावी. पहिल्या फोटोत करड्या रंगाचे कार्ड धरावे, म्हणजे जरीचा रंग नंतर बरोबर जुळविता येतो.

1948 साली दादरला इंडिया फोटो स्टुडिओ सुरू करणारे जे. एच. ठक्कर यांनी सिनेकलाकारांचे जे फोटो काढले, त्यांत प्रकाश आणि सावली यांचाच खेळ होता. संगणकावर डाग पुसता येतो, पण चुकलेला प्रकाश सहजासहजी सुधारता येत नाही.

व्यवहार कागदावर

मेकअप, मॉडेलचे मानधन, स्टुडिओ आणि नंतरची दुरुस्ती यांचे दर वेगवेगळे लिहून द्यावेत आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. तेव्हा फोटो आपल्या दुकानाच्या काचेत लावायचा असेल, तर तसे आधीच लिहून घ्यावे. जिचा चेहरा आहे, तिची लेखी संमती तर हवीच. फोटो कोठे आणि किती काळ वापरला जाईल, हे तिला वाचून दाखवावे. चेहरा तिचा आहे, त्याची अमानत आपल्याकडे आहे.

वर्षभराने मी त्याच कारखानदारांकडे पेन्सिलीचे चित्र घेऊन गेलो. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, दोन सितारे खोडले आणि तारीख दिली. त्या दिवशी मेकअपला अडीच तास लागले आणि फोटोला चाळीस मिनिटे. पैसे संध्याकाळीच मिळाले.

स्टुडिओ चालविणाऱ्या बंधूंनी नवा कॅमेरा घेण्याआधी एक वही घ्यावी. शेजारच्या कारागिराकडे चमकणारा माल आहे आणि आपल्याकडे प्रकाश आहे. दोघांनी मिळून खाका काढला, तर दोघांच्याही धंद्यात बरकत येईल.