प्रतिकृती घड्याळ आणि त्यातील यंत्र

नामांकित घड्याळाची हुबेहूब नक्कल आणि केवळ त्याच्या घडणीवर बेतलेले, पण स्वतःच्याच नावाने विकले जाणारे घड्याळ, यांतील भेद नवशिक्याने आधी ओळखावा. कारण तबकडीवर दुसऱ्याचे व्यापारचिन्ह छापून केलेली विक्री भारतात १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दंडनीय आहे.

दुसऱ्या प्रकारच्या घड्याळांत पुष्कळदा सेइको समूहाचे ‘एनएच ३५’ हे स्वयंचलित यंत्र असते. मनगट हलले की त्यातील रोटर, म्हणजे अर्धवर्तुळाकार वजन, फिरून मुख्य स्प्रिंग गुंडाळतो, आणि साठलेली ऊर्जा दातेरी चाकांमधून एस्केपमेंटकडे, म्हणजे ती हप्त्याहप्त्याने सोडणाऱ्या रचनेकडे, पोहोचून तासाला २१,६०० ठोके पडतात. पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे ४१ तास चालते. मात्र दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी चूक उत्पादकानेच ग्राह्य धरली आहे. (साधे क्वार्ट्झ घड्याळ याहून कितीतरी अचूक असते, हे शौकिनांना सांगून उपयोग नसतो.)

या यंत्राला बसणाऱ्या २८.५ मिलिमीटर व्यासाच्या तबकड्या सहज मिळतात, परंतु तबकडीमागील बारीक खुंट्या चावीच्या स्थानाशी जुळणाऱ्या आहेत ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे. काटे बसवताना तारीख नेमकी बदलेल त्या क्षणी थांबून ते बारावर बसवावेत, अन्यथा तारीख भलत्याच वेळी उलटते. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगला मात्र नवशिक्याने हात लावू नये. मागचे झाकण एकदा उघडल्यावर, दाबचाचणी होईपर्यंत, ते घड्याळ जलरोधक मानता येत नाही.