गळा कसाही असो

2020 साली कोरोनामुळे लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराचे प्रयोग बंद पडले. त्याच काळात शहरातल्या डॉक्टरांसमोर एक नवाच रुग्ण येऊन बसत होता. कोरोना होऊन गेलेला, पण दम लागतोय, छातीत धडधडतंय, झोप उडालीय आणि पुढचा श्वास नीट येईल की नाही याची सतत धास्ती. अशा रुग्णांसाठी ऑपेरा कंपनी आणि इंपिरियल कॉलेज हेल्थकेअर यांनी मिळून 'ईएनओ ब्रीद' नावाचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. घरबसल्या, संगणकाच्या पडद्यासमोर बसून गायचं. गाण्यासाठी निवडली अंगाईगीतं. संथ चाल, छोट्या ओळी, तार सप्तकाची कसरत नाही. शिवाय जी गाणी बाळाला शांत करण्यासाठीच जन्मली, ती घाबरलेल्या मोठ्या माणसालाही शांत करतील, हा हिशेब होता.

पुढे 150 रुग्णांचे दोन गट करून या उपक्रमाची रीतसर चाचणी झाली आणि 2022 मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात छापून आले. गाणाऱ्या गटाचं मानसिक स्वास्थ्य नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा सुधारलं होतं, धापही काही अंशी कमी झाली होती. शारीरिक क्षमतेच्या गुणांकात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. गाण्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे एकाच चाचणीत दिसलं.

जे होतं, त्याची सुरुवात श्वासापासून होते. एरवी माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो, तोही नकळत. गाताना हे गणित बदलतं. ओळ सुरू होण्याआधी झटकन श्वास भरून घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत तो पुरवून पुरवून सोडायचा. म्हणजे श्वास घेणं आखूड, सोडणं लांब. त्यासाठी छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. दम लागणारी घाबरी माणसं नेमकं उलट करतात. खांदे उचलून, छातीच्या वरच्या भागातून, भराभर श्वास घेतात. त्यांना 'श्वास सावकाश सोडा' असं सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण लक्ष श्वासावर गेलं की भीती आणखी वाढते. गाताना लक्ष शब्दांकडे आणि सुराकडे असतं आणि श्वास आपोआप लांबतो.

लांब उच्छ्वासाचा थेट संबंध हृदयाशी आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे काम मुख्यतः मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचं. इटलीचे हृदयतज्ज्ञ लुचियानो बर्नार्डी यांनी 23 निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब स्थिर ठेवणारी शरीराची यंत्रणा अधिक सजग झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. श्वासाची लय एकच.

आणि माणसं एकत्र गायला लागली तर? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्यॉर्न विकहॉफ यांनी 18 वर्षांच्या मुलामुलींच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेत त्यांना समूहात गायला सांगितलं. 2013 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की एकच गाणं गाणाऱ्यांच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळत जातो. यात चमत्कार काही नाही. ओळ एकाच ठिकाणी तुटते, म्हणून सगळे एकाच वेळी श्वास घेतात, आणि हृदय श्वासामागून जातं.

नुसतं गाणं ऐकून हे सगळं होतं का? जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या एका हौशी गायनवृंदावर गुंटर क्रॉइट्स आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे बोलका ठरतो. मंडळी मोत्सार्टच्या 'रेक्विएम'ची तालीम करत होती. एका दिवशी ती स्वतः गायली, दुसऱ्या दिवशी तीच रचना त्यांनी नुसती ऐकली. गायल्यानंतर लाळेतलं संसर्गाशी लढणारं एक प्रतिपिंड वाढलेलं आढळलं आणि मनही उल्हसित होतं. ऐकल्यानंतर ते प्रतिपिंड तसं वाढलं नाही, उलट मनाला थोडी मरगळ आली.

गाण्याची सर्वांत थक्क करणारी किमया वाचाघाताच्या रुग्णांत दिसते. पक्षाघातानं किंवा इजेनं मेंदूचा डावा भाग दुखावला की अनेकांची वाचा जाते, पण त्यातल्या काहींना गाता येतं. 18व्या शतकात स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाची हकिगत नोंदवून ठेवली आहे. त्याला बोलताना 'हो' एवढाच शब्द जमायचा, पण ओळखीची भक्तिगीतं तो शब्दांसकट म्हणायचा. 1973 मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या संशोधकांनी यातून उपचारपद्धतच तयार केली. 'पाणी हवंय' यासारखं रोजचं वाक्य दोन सुरांत लांबवून म्हणायचं, प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं ताल द्यायचा आणि मग हळूहळू सूर काढून टाकत साध्या बोलण्यावर यायचं. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी शिरली आणि त्यांची वाचा गेली. ती परत मिळवण्याच्या दीर्घ उपचारांत गाण्याचा मोठा वाटा होता.

मनाच्या दुखण्यांचा अनुभवही असाच आहे. लंडनमध्ये बाळंतपणानंतर खिन्नतेनं ग्रासलेल्या 134 आयांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या आयांपैकी ज्या बाळाला घेऊन गायच्या, त्यांची लक्षणं नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या आयांपेक्षा लवकर ओसरली. सॅन फ्रान्सिस्कोत साठी ओलांडलेल्या 390 जणांवरच्या प्रयोगात एका गटाला त्यांच्याच भागातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रांत गायनवृंदात घेतलं गेलं. सहा महिन्यांनंतर त्यांचा एकटेपणा घटला होता, जगण्यातला रस वाढला होता. स्मरणशक्ती किंवा आकलन मात्र सुधारलं नाही, हेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं.

महाराष्ट्रात मन हलकं करणारं गाणं पिढ्यान्‌पिढ्या जात्याशी बसलेलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याहून काम करत गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा, बाबासाहेब, जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते सारं त्या ओव्यांत आहे. खुंटा ओढण्याच्या लयीत ओवीची ओळ बसायची, जोडीला दळायला बसलेली बाई पुढची ओवी घ्यायची. ऐकायला कुणी श्रोता नसल्यामुळे आवाज गोड आहे की नाही हा प्रश्नच यायचा नाही. गिरण्या आल्या आणि दळणाचे कष्ट संपले, त्याबरोबर ही रोजची गाण्याची बैठकही मोडली.

गाण्याला औषध मानून गोळ्या बंद करण्याची चूक मात्र कुणी करू नये. सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारात गाण्याचा उपयोग किती, हे तपासताना 2017 च्या कॉक्रेन आढाव्याला विचारात घेण्याजोग्या तीनच चाचण्या मिळाल्या, त्यांत एकूण 112 रुग्ण. एवढ्यावर ठाम दावा करता येत नाही. शिवाय बंद खोलीत एकत्र गाणं संसर्गाच्या काळात घातक ठरू शकतं. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या तालमीला 61 जण आले. त्यांतल्या एकाला आजाराची लक्षणं होती. उरलेल्या 60 पैकी 52 जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. सर्दी-खोकला असताना तालमीला दांडी मारलेली बरी आणि खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. अगदी तोंड मिटून गुणगुणलं तरी चालतं. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना 2002 मध्ये आढळलं की गुणगुणताना नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या पंधरापट होतं, कारण त्या कंपनांनी सायनसमधली हवा खेळती राहते. ताठ बसावं, पट्टी आपल्या गळ्याला झेपेल अशी खालची धरावी, घशावर ताण देऊन ओरडू नये. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. संगत हवी असेल तर गल्लीतलं भजनी मंडळ सोयीचं. तिथे बुवा ओळ म्हणतात आणि बाकीचे झील धरतात. ओळ आधी कानावर पडलेली असते, शब्द विसरण्याची भीती नसते, टाळांच्या आवाजात एखादा सूर हुकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जागा मिळते.