कार्बनी संवाहकांतील दिशावलंबी चुंबकरोध

चुंबकीय क्षेत्रामुळे संवाहकाच्या विद्युत् रोधात होणाऱ्या बदलाला चुंबकरोध म्हणतात. कार्बनी रेणूंपासून बनलेल्या काही स्फटिकी संवाहकांत हा बदल क्षेत्राच्या दिशेवर विलक्षण प्रमाणात अवलंबून असतो. क्षेत्राची तीव्रता कायम ठेवून स्फटिक नुसता फिरविला, तरी रोध अनेक वेळा वाढतो व घटतो. बीईडीटी-टीटीएफ या गंधकयुक्त रेणूच्या एका लवणात हा आविष्कार कार्त्सोव्हनिक व इतर सोव्हिएट शास्त्रज्ञांना १९८८ मध्ये आढळला.

अशा लवणांत कार्बनी रेणूंचे संवाहक थर व ऋण आयनांचे निरोधक थर एकाआड एक असतात. इलेक्ट्रॉन थरात सहज फिरतात, पण एका थरातून दुसऱ्यात क्वचितच जातात. त्यामुळे त्यांचे फेर्मी पृष्ठ (संवेग अवकाशात व्याप्त व रिक्त अवस्थांना विभागणारे पृष्ठ) किंचित नागमोडी कडा असलेल्या दंडगोलासारखे असते. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन या पृष्ठावर क्षेत्राला लंब असलेल्या छेदाच्या कडेने फिरतो. क्षेत्र कलते झाले की हा छेदही तिरपा होतो. काही विशिष्ट कोनांना एका फेऱ्यातील थरांना लंब असलेल्या वेगाची सरासरी जवळजवळ शून्य होते आणि त्या दिशेतील रोध शिखरास पोहोचतो. हे स्पष्टीकरण यामाजी यांनी १९८९ मध्ये दिले. लागोपाठच्या शिखरांच्या कोनांची टॅन गुणोत्तरे समान अंतराने येतात. थरांमधील अंतर क्ष-किरणांनी कळलेले असल्यामुळे त्यांवरून दंडगोलाची त्रिज्या काढता येते. क्षेत्र निरनिराळ्या बाजूंना कलवून त्याच्या छेदाचा आकारही मिळतो. शिखरांचे कोन क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून नसतात. शुबनिकोव्ह-द हास आंदोलनांपासून हा आविष्कार वेगळा ओळखण्याची ही मुख्य खूण होय.

मात्र प्रकीर्णन होण्यापूर्वी इलेक्ट्रॉनाने फेऱ्याचा बराच भाग पुरा केला पाहिजे. म्हणून अतिशुद्ध स्फटिक, काही केल्विन इतके नीच तापमान व सुमारे १० टेस्ला वा अधिक क्षेत्र लागते.

टीएमटीएसएफ या सिलिनियमयुक्त रेणूच्या लवणांत संवहन मुख्यतः एकाच दिशेने होते. तेथे लेबेद यांनी १९८६ मध्ये भाकीत केलेल्या कोनांना रोधात विशेष बदल दिसतात. परंतु त्यांच्या स्पष्टीकरणाबाबत मतैक्य नाही.

ही शिखरे दिसली म्हणजे थरांमधील गती सुसंगत आहे, असे प्रारंभी गृहीत धरले जाई. ते पुरेसे नाही. इलेक्ट्रॉन थरांमधून असंबद्ध उड्या मारीत गेला, तरी तशीच शिखरे मिळतात, हे मॅकेंझी व मोझेस यांनी १९९८ मध्ये दाखविले. क्षेत्र थरांना अगदी समांतर असताना दिसणारे अरुंद शिखर हा त्यामानाने अधिक भरवशाचा पुरावा समजला जातो.