‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नका

जुन्नर-आंबेगावच्या गावांत दोन वर्षांचे मूल बोलत नसले, की वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ मग कोणी पाठीमागे ताट वाजवून पाहते. मूल वळते आणि घर निर्धास्त होते. पण कर्णबधिर मूल हादऱ्याने, सावलीनेही वळते. पहिले काही महिने ते इतर बाळांसारखेच हुंकारते. पुढे ते आवाज कमी होत जातात. म्हणून घरच्या परीक्षेवर विसंबू नये.

‘ओएई’ तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. ती पहिल्या महिन्यात, गरज पडल्यास ‘बेरा’ करून निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर किंवा आईवडिलांचे नात्यातले लग्न असेल, तर तपासणी टाळूच नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यांना शंका सांगावी. खरी अडचण पुढे आहे. जुन्नरहून पुण्याचे ससून रुग्णालय सुमारे ९० किलोमीटर, आहुप्याहून त्याहूनही लांब, आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. इतके करून मिळालेले श्रवणयंत्र ‘शिट्टी वाजते’ म्हणून डबीत पडून राहते. मुलाचा कान वाढतो, साचा सैल होतो, म्हणून ती शिट्टी. साचा बदलून घ्यावा.

यंत्र लावल्यावरही समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असे, भरपूर बोलावे. सोबत खुणांची भाषाही वापरावी. तिच्यामुळे बोलणे मागे पडते, हा समज चुकीचा आहे.