‘तुम्ही लग्नाला तयार आहात का?’ : सल्ला देणारे जुने चित्रपट आणि माझी एक चूक

दिवाळीत मेढ्याला घरी गेले होते. दुपारी सोप्यात बसून लॅपटॉपवर १९५० सालचा एक अमेरिकन शैक्षणिक चित्रपट बघत होते. पंधरा-सोळा मिनिटांचा, कृष्णधवल, नाव ‘आर यू रेडी फॉर मॅरेज?’. आई मागून आली, पडद्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, “बरं झालं. निदान कुणीतरी विचारलं.” (वय अठ्ठावीस, पीएचडीचं चौथं वर्ष. बाकी समजून घ्या.)

मागच्या लेखानंतर काही जणांनी विचारलं होतं की एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून तू जुने चित्रपट का बघत बसतेस. माझा विषय आहे नवविवाहित जोडप्यांपर्यंत पोचवलेले आरोग्य-संदेश. त्यात चित्रपट हा एक मोठा साठा आहे. पण चित्रपट पुरावा म्हणून वापरायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते चुकत चुकत शिकले. ज्यांचं सिनॉप्सिस अजून व्हायचंय त्यांना याचा उपयोग होईल.

आधी हा प्रकार काय होता ते सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सैनिकांना शिकवायला चित्रपट फार वापरले. युद्ध संपल्यावर तेच तंत्र, तेच १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर शाळा-कॉलेजांत आले. शिकागोजवळची कोरोनेट ही कंपनी त्यात आघाडीवर होती. दात कसे घासावेत, वेळेवर कसं यावं, यांच्या जोडीनं ‘गोइंग स्टेडी?’ (१९५१), ‘मॅरेज इज अ पार्टनरशिप’ (१९५१) असेही चित्रपट तिनं काढले. मॅकग्रॉ-हिलची ‘मॅरेज फॉर मॉडर्न्स’ ही मालिका तर हेन्री बोमन यांच्या त्याच नावाच्या कॉलेजच्या पाठ्यपुस्तकावर बेतलेली होती. हे सगळं आज बघायला मिळतं ते मुख्यतः रिक प्रेलिंगर या संग्राहकामुळे. कचऱ्यात जाणारी रिळं त्यानं १९८० च्या दशकापासून जमवली, आणि त्यातले हजारो चित्रपट इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत.

तर या चित्रपटात सू आणि लॅरी नावाचं, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरचं जोडपं आहे. लगेच लग्न करायचंय. मुलीचे आईवडील म्हणतात थांबा. मग दोघं एका समुपदेशकाकडे जातात. तो त्यांच्यापुढे एक यादी ठेवतो. तुमची पार्श्वभूमी सारखी आहे का, तुम्ही खरोखरच एकमेकांचे मित्र आहात का, लग्न म्हणजे काय हे तुम्हाला कळलंय का. शेवटी जोडपं घाई न करण्याचं ठरवतं. आईनं हे सगळं उभ्या उभ्या बघितलं आणि एवढंच म्हणाली, “ही तर पत्रिकाच की. छत्तीसातले किती जुळले?”

मी हसले, पण आईचं म्हणणं वरवरचं नव्हतं. फरक एवढाच की त्या यादीच्या मागे पंचांग नाही, समाजशास्त्र आहे. अशा चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहुधा एखाद्या प्राध्यापकाचं नाव सल्लागार म्हणून असतं. ते नाव टिपून घ्यायची सवय लावा, कारण तिथून तुम्ही त्या काळच्या संशोधनापर्यंत पोचता. विवाहाच्या यशापयशाचा अंदाज बांधणं हा १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत चांगला भरात आलेला विषय होता. लुइस टर्मन यांनी १९३८ मध्ये ७९२ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बर्जेस आणि लिओनार्ड कॉट्रेल यांनी ५२६ जोडप्यांवरचा. पद्धत साधारण अशी: लग्न झालेल्या जोडप्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, त्यांच्या वैवाहिक समाधानाला गुण द्यायचे, आणि लग्नाआधीच्या कोणत्या गोष्टी त्या गुणांशी जुळतात ते बघायचं. घरची पार्श्वभूमी, शिक्षण, ओळख किती दिवसांची, आईवडिलांची संमती होती का, वगैरे.

आपल्या कामाचा भाग इथे आहे, म्हणून जरा थांबते. ‘पार्श्वभूमी सारखी असलेली जोडपी जास्त समाधानी दिसली’ हे निरीक्षण आहे. ‘म्हणून सारख्या पार्श्वभूमीचा जोडीदार निवडा’ हा सल्ला आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये एक मोठी दरी आहे आणि चित्रपट ती एका कटमध्ये ओलांडतो. समजा, वेगळ्या पार्श्वभूमीच्या जोडप्यांना दोन्ही घरांतून विरोध होतो, नातेवाईक येणंजाणं बंद करतात, आणि म्हणून ती जोडपी कमी समाधानी दिसतात. मग कारण कोणतं, वेगळेपण की विरोध? प्रश्नावलीच्या गुणांवरून ते ठरत नाही. सल्ला मात्र जोडप्याला दिला जातो, विरोध करणाऱ्यांना नाही. लक्षात ठेवा, ज्या अमेरिकेत हा चित्रपट वर्गात दाखवत होते तिथे गोऱ्या-काळ्यांचं लग्न अनेक राज्यांत कायद्यानं गुन्हा होतं, थेट १९६७ पर्यंत. आंतरजातीय लग्नाची एखादी गोष्ट ज्यांच्या घरात घडलीय त्यांना मी आणखी काही सांगायला नको.

दुसरं, ५२६ जोडपी कोण होती? बहुतांश इलिनॉय राज्यातली, शहरी, गोरी, मध्यमवर्गीय, लग्नाला थोडीच वर्षं झालेली. संशोधकांनी हे लपवलेलं नाही, पुस्तकात सांगितलंय. पण पुस्तकातून पाठ्यपुस्तकात, पाठ्यपुस्तकातून चित्रपटात येताना ही मर्यादा गळून पडते आणि उरतं ते ‘जोडपं’. कुठलंही जोडपं.

हे सूत्र हातात आल्यावर मी आपल्याकडच्या चित्रपटांकडे वळले. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालं (२०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं). मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट दाखवणं ही तेव्हा चित्रपटगृहाच्या परवान्याचीच अट होती. म्हणजे प्रेक्षक सल्ला घ्यायला आलेला नसायचा, सल्ला त्याला आडवा यायचा. आणि गावोगाव प्रचाराच्या गाड्या पडदा-प्रोजेक्टर घेऊन फिरत. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून जोडप्यांना उद्देशून चित्रपट निघत राहिले. काही तर फारच धाडसी आहेत. प्रमोद पती यांचा ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) बघा. सरकारी पैशातून असला प्रयोग झाला यावर विश्वास बसत नाही.

पण अमेरिकन चित्रपटांशी तुलना केली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिकडचा चित्रपट लग्नाआधी सुरू होतो आणि विचारतो, लग्न करावं का, कुणाशी. आपल्याकडचा बहुतेक वेळा लग्नानंतर सुरू होतो. लग्न ठरवलेलं आहे, झालेलं आहे, त्यावर चर्चा नाही. चर्चा मुलांच्या संख्येवर. नवराबायकोनं एकमेकांशी बोलावं कसं, हा प्रश्न आलाच तर तेवढ्यापुरता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीला डिस्नेनं पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेसाठी ‘फॅमिली प्लॅनिंग’ नावाचा दहा मिनिटांचा चित्रपट केला. अनेक देशांसाठी, अनेक भाषांत. त्यात डोनाल्ड डक चित्रं काढून दाखवतो आणि एक निवेदक नवऱ्याशी बोलतो. बायकोला प्रश्न पडतो तेव्हा ती तो नवऱ्याच्या कानात सांगते, मग नवरा मोठ्यानं विचारतो. दहा मिनिटांतलं हे सगळ्यात महत्त्वाचं दृश्य आहे असं माझं मत आहे. बायको लाजते, ती परक्यापुढे बोलत नाही, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं. आणि नवरा शेजारी बसलेला आहे, हेही.

आता मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवायलाच हवेत. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं असत. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा, १९३४ मध्ये, कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण मुद्दा बघा. मासिकात प्रश्न वाचक विचारतो, नाव न सांगता. चित्रपटात प्रश्नही पटकथाकाराचाच असतो. म्हणून मासिकातल्या पत्रांवरून लोकांना काय पडलं होतं याचा थोडाफार अंदाज येतो. चित्रपटावरून कळतं ते बनवणाऱ्यांना लोकांबद्दल काय वाटत होतं.

मला हे तेव्हा कळलेलं नव्हतं. मी थेट आजीकडे गेले.

आजीचं लग्न १९६७ च्या आसपासचं. जावळी तालुक्यातली गावं तुम्हाला माहीत असतील तर पुढचं लगेच कळेल. शेत थोडं, पाऊस भरपूर, आणि कर्ती माणसं मुंबईत. धान्य बाजारात, गोदीत पाठीवर ओझी वाहणारे माथाडी इथूनच फार गेले. त्यांच्यासाठीचा कायदा १९६९ चा. आजोबा मस्जिद बंदरला होते. मी आजीला डिस्नेचा चित्रपट दाखवला आणि विचारलं, “आजी, गाडी यायची तेव्हा असलं काही दाखवायचे का गं?” आजी बदकाला बघून खूप हसली. मग म्हणाली, “हां, ह्योच. ह्योच दावला हुता.”

मी हरखून गेले. चार पानी टिपण लिहिलं, गाईडना पाठवलं. त्यांचा एकच प्रश्न आला: “आधी दाखवलंत की आधी विचारलंत?” मनात पाल चुकचुकली. पुढच्या खेपेला घरी गेल्यावर आजीला मुद्दाम ‘क्लॅक्सप्लोजन’ दाखवला, ज्याचं त्या बदकाशी काडीचं साम्य नाही. आजी म्हणाली, “हां, ह्यो बी.”

चार पानं गेली. आजी खोटं बोलत नव्हती. नातीनं एवढ्या हौसेनं दाखवलंय तर नाही कसं म्हणायचं? शिवाय पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची आठवण कोरी राहिलेली नसते. मधे १९७६ येऊन गेलं. त्या एका आर्थिक वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. त्यामुळे ‘कुटुंबनियोजनाचा पिच्चर’ म्हटलं की त्या पिढीच्या डोळ्यांपुढे नेमकं कोणतं साल उभं राहतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मुलाखतीत आधी आठवण, मग वस्तू. उलटा क्रम केला की ती मुलाखत गेलीच म्हणून समजा, पुन्हा घेता येत नाही. आजीच्या बाबतीत माझी ती संधी कायमची गेली.

पण टिपणं फाडायच्या आधी मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. माझ्या प्रश्नानंतर, मी ‘थँक्यू’ म्हणून फोन उचलायच्या आत, आजी आपल्या आपण बोललेली होती आणि मी ते लिहूनच घेतलं नव्हतं: “पर कुनाला सांगत हुतं ते? तुजं आजोबा तवा ममईला. वरसातनं दोनदा याचं. माज्या शेजारी सासूबाई बसल्याल्या. मान वर करून बगनार कोन?”

डिस्नेच्या चित्रपटातली बायको नवऱ्याच्या कानात सांगते. मेढ्याच्या मैदानात त्या जागी सासू होती. जोडप्यासाठी बनवलेला चित्रपट, आणि प्रेक्षकांत जोडपंच नाही. कोणता चित्रपट होता ते यातून कळत नाही, त्याचा परिणाम काय झाला तेही नाही. पण संदेश कुणाला गृहीत धरून बनवला आणि समोर कोण बसलं होतं, यातलं अंतर कळतं, आणि माझ्या प्रबंधाचा प्रश्न आता तोच आहे.

हा प्रश्न जुनाच आहे असंही नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं नवविवाहितांसाठी योजना आणली, जी ‘हनिमून पॅकेज’ म्हणून देशभर गाजली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. परदेशी वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. अशा योजनेचं यश मोजताना बर्जेस-कॉट्रेलचाच घोळ पुन्हा होतो. नाव नोंदवलं कुणी? ज्या जोडप्याला मूल लांबवायचंच होतं त्यानं नोंदवलं, तर पैशामुळे काय बदललं ते कसं सांगणार? आणि नवरा वाशीला कामाला, बायको गावात, अशा घरात ‘लांबवणं’ आपोआपच होत असेल तर ते कोणत्या खात्यात मांडणार? तुमच्या मार्गदर्शकांनी ‘सिलेक्शन बायस’ शिकवला असेल, तर हे उदाहरण स्वतः सोडवून बघा.

माझी प्रश्नावली आता बदलली आहे. चित्रपट शेवटी दाखवते, काही वेळा दाखवतच नाही. पहिला प्रश्न असतो, पडदा कुठे लावला होता. दुसरा, तुमच्या शेजारी कोण बसलं होतं. नवरा तेव्हा कुठे होता हे तिसऱ्या प्रश्नात येतं, आणि त्या जागी बायका थोडा वेळ थांबतात. तेवढा वेळ मीही काही बोलत नाही, रेकॉर्डर चालू ठेवते. आतापर्यंत अशा नऊ मुलाखती झाल्या. पुढच्या महिन्यात वाशीला जाऊन त्या पिढीतल्या पुरुषांना भेटायचंय. मुंबईत, थिएटरात त्यांनी मुख्य पिच्चरच्या आधी काय बघितलं, आणि ते गावी पत्रातून कधी लिहिलं का, हे विचारायला.