मुक्या पडद्याचें कोडें

पडद्यावर चित्रपट सुरळीत चालला आहे, पात्रांचे ओठ हालत आहेत, आणि आवाज मात्र मुळींच नाहीं! फाइल बिघडली असें समजून ती पुसून टाकणें ही घाई होय. पुष्कळदां तींतील ध्वनि डीटीएस पद्धतीचा असतो व घरांतील प्लेअरला ती पद्धति उलगडतां येत नाहीं. एफएफएमपेग या विनामूल्य साधनानें चित्राला हात न लावतां केवळ ध्वनि डॉल्बी डिजिटलमध्यें बदलतां येतो, ५.१ रचनेच्या सहाही वाहिन्या शाबूत राहतात. घरीं दोनच ध्वनिक्षेपक असतील, तर सहांच्या दोन कराव्या लागतात. खरी मेख येथेंच आहे. संवाद बहुधा मधल्या वाहिनींत असतात. ती डावी-उजवीकडे सुमारें ०.७०७ पट प्रमाणांत मिसळली नाहीं, तर तोफा गडगडतात आणि नायिकेचें बोलणें ऐकूंच येत नाहीं.