नायटा झालेले मांजर आणि घरातला पेच

भिवंडीजवळील पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या गोदामपट्ट्यात मांजरांची कधी वाण नसते. कापडाचे तागे, धान्याची पोती, पुठ्ठ्यांची खोकी आली की उंदीर येतात. आणि उंदरांना विष घालण्यास ज्याचे मन धजत नाही, त्या व्यापाऱ्याला मांजराचा वावर सोयीचा वाटतो. (मांजर अहिंसाव्रती नाही, याकडे तो हळूच काणाडोळा करतो.) यांतलेच एखादे पिल्लू मुलांच्या हट्टाखातर घरी येते. काही दिवसांत त्याच्या कानामागचे केस झडतात, खवलेदार गोल चट्टे उमटतात, आणि पाठोपाठ नातवाच्या दंडावर लाल कडे दिसू लागते. मग घरात दोन तट पडतात. पिल्लू पुन्हा गोदामात सोडून यावे, असे एकाचे म्हणणे. आश्रयाला आलेल्या जीवास आजारपणात कसे टाकावे, असे दुसऱ्याचे.

नायटा हा किडा नव्हे, बुरशी होय. मांजरांत ती बहुधा ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या जातीची असते. केसांतील केराटिनवर ती पोसते, म्हणून केस ठिसूळ होऊन तुटतात. लांब केसांच्या पर्शियन मांजरांत ती विशेष चिवट. वरून निरोगी दिसणारे मांजरही तिचे वाहक असू शकते.

उपचार करूनही रोग का उलटतो? कारण औषध मांजराला मिळते, घराला नाही. गळालेल्या केसांबरोबर बुरशीची बीजे गादी, सोफा, गालिचा यांत पडतात आणि अनुकूल स्थितीत वर्षाहून अधिक काळ तग धरू शकतात. म्हणून मांजराला फरशीच्या एका खोलीत ठेवावे, केस रोज टिपून घ्यावेत, अंथरुणे वेगळी धुवावीत. फिनाइल मात्र वापरू नये. ते मांजरांना विषारी ठरते.

पशुवैद्य वूडच्या दिव्याखाली केस तपासतात. बुरशी असल्यास ते पुष्कळदा हिरवट चमकतात. पक्की खात्री प्रयोगशाळेतील संवर्धनाने होते, त्यास दोन-तीन आठवडे लागतात. वजनानुसार इट्राकोनॅझोल, सहसा एक आठवडा देऊन एक आठवडा थांबून, आणि आठवड्यातून दोनदा औषधी स्नान, असा क्रम कित्येक आठवडे चालतो. घरातील स्टिरॉइडमिश्रित मलम लावणे हा खरा घात. लाली ओसरते, बुरशी आत फोफावते. आणि मांजर ते मलम चाटते, ते वेगळेच.

केस पुन्हा उगवले म्हणजे रोग गेला, असे नव्हे. संवर्धनाचा अहवाल लागोपाठ दोनदा निर्दोष आला की मगच खाते बंद समजावे. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय भिवंडीहून फार दूर नाहीत.

गोदामात सोडलेले पिल्लू तेथील इतर मांजरांना आणि पोत्यांवर दुपारी पाठ टेकणाऱ्या हमालांना तीच लागण देते. नातवाचे कडे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले की काही आठवड्यांत बरे होते. पिल्लाला थोडा अधिक काळ लागतो.